मदत केली, पण मनात हिशेब उरला. देणं निखळ कसं होतं?

ओंजळ

बरेच दिवस हे लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहिते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका-काकू राहतात. गेल्या वर्षी काका पडले, खुब्याचं हाड मोडलं. मुलं परदेशात. शस्त्रक्रियेपासून ते काठी घेऊन चालायला लागेपर्यंत जवळजवळ अडीच महिने मी त्यांच्याकडे जात-येत होते. विम्याचे कागद, फिजिओथेरपीच्या फेऱ्या, औषधांच्या वेळा, रात्री-अपरात्री काकूंचा फोन. कुणी सांगितलं म्हणून नाही, मला वाटलं म्हणून केलं.

काका बरे झाल्यावर त्यांनी ओळखीच्या लोकांना घरी बोलावलं. काकूंनी सगळ्यांचे नाव घेऊन आभार मानले. डॉक्टर, भाचा (तो दोनदा येऊन गेला), शेजारचे, अगदी रुग्णवाहिकेच्या चालकाचेही. माझं नाव मात्र घेतलं नाही. मी समोरच बसले होते.

घरी आले आणि रडले. मग स्वतःचाच राग आला. आभारासाठी केलं होतं का? नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. मग एवढं लागलं कशाला? तेव्हापासून मी त्यांच्याकडे जाणं कमी केलंय, आणि हे मला अजिबात आवडत नाही. ज्यांनी आयुष्यात मनापासून कुणासाठी काही केलंय त्यांना विचारते : हा हिशेब मनातून जातो का? कसा?

सांजवेळ

ओंजळ, किती प्रामाणिक लिहिलंयस. लागणारच गं. त्यात वाईट काही नाही. वाचतेय.

बोरू

हिशेब जातो की नाही माहीत नाही. गीतेच्या १७ व्या अध्यायात दानाचे तीन प्रकार येतात, ते इथे आठवले. जो परत काही करू शकणार नाही अशाला, द्यायला हवं म्हणून, योग्य जागी आणि योग्य वेळी दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेने किंवा मनाला क्लेश होत असताना दिलेलं ते राजस. आणि घेणाऱ्याचा मान न राखता, त्याला तुच्छ लेखून दिलेलं ते तामस.

मला यात कायम एक गोष्ट लक्षणीय वाटते. किती दिलं याचा कुठेच उल्लेख नाही. देताना समोरच्याकडे कोणत्या नजरेने बघितलं, यावर बरंच ठरतं. तुम्ही काकूंना तुच्छ लेखलं नाहीत. त्यामुळे अडीच महिने केलेलं काही वाया गेलेलं नाही.

तिसरा_मजला

मी घेणाऱ्या बाजूचा आहे. चार वर्षांपूर्वी पाठीच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली, आठ महिने अंथरुणात होतो. तेव्हा वय ४१. त्याआधी मी कुणाकडे साधी पेनही मागितली नव्हती.

त्या आठ महिन्यांत खूप लोकांनी केलं. त्यांच्याबद्दल मी कृतज्ञ आहेच, पण आज वेगळं सांगतो, कारण देणाऱ्यांना हे सहसा कुणी सांगत नाही. मदत घेणं फार जड असतं. तुम्हाला चिडता येत नाही. पाणी गार हवं होतं, कोमट आणलं, तरी 'छान आहे' म्हणायचं. कुणी अवेळी आलं तरी हसायचं. दिवसातून दहा वेळा 'थँक यू' म्हणायचं, आणि प्रत्येक वेळी आपण थोडे लहान झाल्यासारखं वाटायचं. मिंधेपण म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

माझा एक मित्र यायचा तो दारातूनच विचारायचा, "आज काही काम सांगतोस की नुसता बसू?" हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यात निवड माझी होती. आणखी एक जण होते, त्यांनी खरोखर खूप केलं, पण भेटेल त्याला माझी अवस्था सांगायचे. कशी आंघोळ घालावी लागते वगैरे. मला ते तिसऱ्याकडून कळायचं. त्यांच्या येण्याची मला धास्ती वाटू लागली होती.

आता ओंजळताई, तुमच्या काकूंबद्दल. मी त्यांना ओळखत नाही, चूक असेन. पण बरा झाल्यावर मी सर्वात जास्त कुणाला टाळलं असेल, तर ज्या माणसाने मला सर्वात वाईट अवस्थेत पाहिलं त्याला. दोनदा फुलं घेऊन आलेल्याचे आभार मानणं सोपं असतं. जिने रात्री तीन वाजता तुम्हाला घाबरून रडताना पाहिलंय, तिच्याकडे चार लोकांसमोर बघून 'आभारी आहे' म्हणणं जमत नाही. शब्द तोकडे पडतात, शिवाय ते सगळं पुन्हा डोळ्यांसमोर येतं. तुमचं नाव विसरण्याइतकं लहान नव्हतं, असंही असू शकतं ना?

ओंजळ

तिसरा_मजला, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. रात्री तीनचं तुम्ही कसं लिहिलंत कुणास ठाऊक. ते खरोखर घडलं होतं आणि मी वर लिहिलं नव्हतं. थोडा वेळ द्या मला.

मधली_सुट्टी

तिसरा_मजला यांच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन.

घेणाऱ्याला मिंधं न करता कसं द्यावं, यावर फार पूर्वी एका माणसाने अगदी बारकाईने विचार केला होता. मैमोनिदिस, बाराव्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ आणि वैद्य. जन्म स्पेनमधल्या कोर्दोव्याचा, आयुष्याचा मोठा काळ इजिप्तमध्ये गेला, मृत्यू १२०४. त्यांनी देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्यात. मी तत्त्वज्ञान शिकवते, आणि हा भाग आला की वर्गात नेहमी शांतता पसरते.

सर्वात खालची पायरी कुरकुरत देण्याची. त्यावर, हवं त्यापेक्षा कमी दिलं पण हसून दिलं. मग मागितल्यावर देणं, आणि त्याच्या वर मागायची वेळच येऊ न देणं. पुढच्या तीन पायऱ्या कुणाला काय माहीत आहे यावर आहेत. घेणाऱ्याला देणारा माहीत आहे पण देणाऱ्याला घेणारा माहीत नाही, हे एक. तिथे ते उदाहरण देतात ते सुंदर आहे : काही मोठे लोक कापडात पैसे बांधून ते पाठीवर टाकून चालत, म्हणजे गरजू मागून येऊन घेई आणि त्याला नजर द्यावी लागत नसे. त्यावरची पायरी, देणाऱ्याला घेणारा माहीत पण घेणाऱ्याला देणारा नाही. त्याच्याही वर, दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही.

आणि सर्वात वरच्या पायरीवर कोण असेल? मुलं नेहमी 'गुप्तदान' म्हणतात. पण तिथे आहे समोरच्याला स्वतःच्या पायावर उभं करणं. त्याला भेट द्या, कर्ज द्या, त्याच्याशी भागीदारी करा, त्याला काम मिळवून द्या, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. भागीदारी आणि कर्ज या गोष्टी दानाच्या सर्वात वरच्या पायरीवर असाव्यात याचं मला आधी आश्चर्य वाटायचं. आता वाटत नाही. कर्ज देणारा तुम्हाला फेडण्याच्या लायकीचा समजतो.

अनाहूत

मला थोडं वेगळं वाटतं. निःस्वार्थ असं काही नसतंच. देणाऱ्याला बरं वाटतं म्हणून तो देतो. ओंजळताईंना अडीच महिने समाधान मिळालं, तोच मोबदला. हे मान्य केलं की दुःख उरत नाही.

यावर अभ्यासही आहे. २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एलिझाबेथ डन, लारा अक्निन आणि मायकेल नॉर्टन यांचा शोधनिबंध आला होता. कॅनडात ४६ जणांना सकाळी पाकिटातून ५ किंवा २० डॉलर दिले. काहींना सांगितलं संध्याकाळी पाचपर्यंत स्वतःवर खर्च करा, काहींना सांगितलं दुसऱ्यावर. दुसऱ्यावर खर्च करणारे संध्याकाळी जास्त आनंदी होते. रक्कम ५ की २० याने फरक पडला नाही. मग हा स्वार्थच नाही का?

मधली_सुट्टी

अनाहूत, अभ्यास बरोबर सांगितलात. त्यातलाच एक धागा पुढे नेते. त्याच निबंधात वेगळ्या लोकांना नुसतं विचारलं होतं की कुणाला जास्त आनंद होईल. बहुतेकांनी उलट सांगितलं : स्वतःवर खर्च करणाऱ्यांना, आणि २० डॉलरवाल्यांना. म्हणजे देण्यातून आनंद मिळेल असा लोकांचा अंदाज नव्हता. ज्या फायद्याचा अंदाजच नाही त्याच्यासाठी माणूस देतो, असं कसं म्हणायचं? आनंद मागाहून येतो. झाडाला सावली असते, पण झाड सावलीसाठी वाढत नाही.

अनाहूत

हं. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. विचार करतो.

कुंपणावरून

चर्चा छान चालली आहे, पण मला एक गोष्ट मनापासून बोलायची आहे. 'निःस्वार्थ' हा शब्द कुणी कुणासाठी वापरतं तेही बघा.

मी सहा वर्षं सासूबाईंचं केलं. त्यांना विस्मरणाचा आजार होता. शेवटची दोन वर्षं त्या मला ओळखत नव्हत्या, कधी मारायच्याही. माझं त्यांच्यावर प्रेम होतं आणि मी ते केलं याचा मला पश्चात्ताप नाही. पण येणारा प्रत्येक पाहुणा म्हणायचा, 'किती निःस्वार्थ आहे ही.' म्हणायचा आणि निघून जायचा. तो शब्द ऐकला की माझ्यासाठी दार बंद झाल्यासारखं वाटायचं. आता थकले म्हणायची सोय नाही, कारण मी तर निःस्वार्थ! नातेवाइकांपैकी एकालाही 'तू दोन दिवस जा, मी बसतो' असं म्हणावंसं वाटलं नाही.

म्हणणारी भेटली ती ओळखीतली, नात्यातली नव्हे. दर बुधवारी चार ते सहा. आली की चप्पल काढायच्या आत म्हणायची, "निघ." सुरुवातीला मी बाहेर जाऊन नुसती बाकावर बसायचे, कारण दोन तासांचं काय करायचं हेच विसरले होते. त्या बुधवारांवर मी तगले. तिने एकदाही माझं कौतुक केलं नाही. घड्याळ लावल्यासारखी यायची, एवढंच.

म्हणून माझं म्हणणं : ज्याच्या घरी कुणी आजारी आहे, त्या आजारी माणसाची चौकशी सगळे करतात. करणाऱ्या माणसाकडेही बघा. आणि 'काही लागलं तर सांग' म्हणू नका. थकलेल्या माणसाला सांगायचंही बळ नसतं. वार सांगा, वेळ सांगा आणि जा.

सांजवेळ

कुंपणावरून ताई, डोळे भरले. 'काही लागलं तर सांग' हे मी गेल्याच आठवड्यात एकीला म्हणाले आहे. उद्या फोन करून वार सांगते.

पाऊलखूण

वार-वेळेवरून आठवलं. माझ्या मते दयाळूपणाच्या आड बहुतेक वेळा येते ती घाई. स्वभाव क्वचितच येतो.

१९७३ साली जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्रिन्स्टनमधले धर्मशास्त्राचे ४० विद्यार्थी घेतले. त्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं. काहींचा विषय होता बायबलमधली ती गोष्ट, रस्त्यात जखमी पडलेल्याला एक परका माणूस मदत करतो ती. वाटेत एका दारापाशी एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना 'वेळ आहे, सावकाश जा' असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना 'उशीर झालाय, पळा' सांगितलं त्यांतले फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही. परोपकारावर बोलायला निघालेले काही जण त्या माणसाला ओलांडून गेले!

हे वाचलं तेव्हा मी स्वतःकडे पाहिलं. कुणी वाईट म्हणावं असा मी नाही, पण मी कायम उशिरा निघणारा. लिफ्टचं दार कुणासाठी धरायचं नाही, म्हाताऱ्या माणसाच्या मागे रांगेत उभं राहिलं की चुळबुळ, घरी आईचा फोन आला की 'पटकन बोल'. तेव्हापासून दहा मिनिटं आधी निघतो. बाकी काहीच बदललं नाही. पण त्या दहा मिनिटांत कुणाला पत्ता नीट सांगता येतो, जिन्यावर कुणाची पिशवी वर नेता येते. आईला 'पटकन' म्हणत नाही. ती एकच गोष्ट दोनदा सांगते, दोनदा ऐकतो.

एक अवांतर, पण कामाचं. याच डार्लींनी बिब लॅटाने यांच्याबरोबर १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की आजूबाजूला माणसं जास्त असली तर मदत कमी होते. प्रयोगात, दुसऱ्या कुणाला फिट आल्याचा आवाज आपल्या एकट्यालाच ऐकू येतोय असं ज्यांना वाटलं त्यांतले ८५ टक्के मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तिथे ३१ टक्के. म्हणून गर्दीत कुणी कोसळलं तर 'कुणीतरी फोन करा' असं ओरडू नका. एकाकडे बोट दाखवा : "निळा शर्टवाले दादा, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन लावा." तो बहुतेक लावतोच.

निशिगंध

मी कॉलेजात आहे. पैसे नाहीत, गाडी नाही, मोठी ओळख नाही. माझ्यासारख्याने काय करायचं? मनापासून विचारतोय.

तिसरा_मजला

निशिगंध, माझ्या आजारपणात एक कॉलेजातला मुलगा रोज सकाळी पेपर वाचून दाखवायचा. मला बसताच येत नव्हतं, पेपर धरता येत नव्हता. वीस मिनिटं. मधे मधे आमची भांडणंही व्हायची बातमीवरून. त्याच्याशी मला भांडता यायचं, हे किती मोठं होतं ते त्याला आजही माहीत नसेल.

मधली_सुट्टी

निशिगंध, ज्यांना ऑनलाइन अर्ज भरता येत नाहीत अशी माणसं तुझ्या आसपास नक्की असतील. भरून दे, पण शेजारी बसवून, त्यांच्याच बोटांनी. दुसऱ्या वेळी ते तुला बोलावणार नाहीत. मैमोनिदिसांची सर्वात वरची पायरी ती हीच.

कुंपणावरून

आणि १८ पूर्ण असशील, वजन-तब्येत ठीक असेल, तर रक्तदान कर. पाव ते अर्ध्या लिटरच्या मधे रक्त, पाऊण तास. कुणाला गेलं ते तुला कळत नाही, कुणी दिलं ते त्याला कळत नाही.

पाऊलखूण

रक्तदानाचा विषय निघाला तर जेम्स हॅरिसन यांना विसरून चालणार नाही. ऑस्ट्रेलियाचे. १४ व्या वर्षी छातीची मोठी शस्त्रक्रिया झाली आणि अनोळखी लोकांच्या रक्तावर ते वाचले. १८ वर्षांचे झाल्यावर, १९५४ मध्ये, त्यांनी रक्त द्यायला सुरुवात केली. पुढे लक्षात आलं की त्यांच्या रक्तद्रवात (प्लाझ्मात) एक दुर्मीळ प्रतिपिंड (अँटीबॉडी) आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचा पॉझिटिव्ह असला तर आईचं शरीर बाळाच्या रक्तपेशींवर हल्ला करू शकतं. ते टाळणारं अँटी-डी इंजेक्शन या प्रतिपिंडापासून बनतं. त्यांनी २०१८ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८१ व्या वर्षी नियमाने थांबवेपर्यंत, १,१७३ वेळा दिलं. २४ लाख बाळांना त्याचा उपयोग झाला असा तिथल्या रेड क्रॉसचा अंदाज आहे. २०२५ मध्ये ते गेले.

मला यातलं सर्वात जवळचं काय वाटतं सांगू? त्यांना सुईची भीती वाटायची. सुई टोचताना ते कधीच तिकडे बघत नसत. ६० हून अधिक वर्षं दुसरीकडे बघत बसले आणि देत राहिले.

निशिगंध

मलाही सुईची भीती वाटते. नाव नोंदवतो.

अनाहूत

विचार केला. माझं वरचं मत थोडं बदलतो. बरं वाटणं हे कारण नसेलही. पण मग ओंजळताईंना जे लागलं ते काय होतं? मला वाटतं, आभार नको होते त्यांना. 'तू होतीस' एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. त्याला हिशेब म्हणू नये.

ओंजळ

सगळ्यांना एकेक उत्तर द्यायचं होतं, पण आधी काय झालं ते सांगते.

तिसरा_मजला यांनी लिहिलेलं डोक्यातून जाईना. कुंपणावरून ताईंचा बुधवारही. मग लक्षात आलं की त्या अडीच महिन्यांनंतर मी काकूंकडे स्वतःसाठी काही मागायला कधी गेलेच नाही. त्यांना काही हवं असेल तरच जायचं, हा माझा नियम होऊन बसला होता. आमच्यात मी देणारी आणि त्या घेणाऱ्या, हे मीच पक्कं करून टाकलं होतं.

काकू उत्तम शिवतात. मी बैठकीच्या खोलीचे पडदे घेऊन खाली गेले आणि म्हटलं, "काकू, हे लांब झालेत. टीप मारून द्याल का?" खरं सांगते, मला मागताना इतकं अवघड वाटलं! दाराशी दोनदा मागे फिरले. तेव्हा कळलं की त्यांनी मला किती वेळा फोन केला होता, आणि प्रत्येक वेळी त्यांना हेच वाटलं असेल.

काकूंनी पडदे हातात घेतले, कापड चोळून बघितलं आणि मला रागावल्या. "हे कापड धुतल्याशिवाय शिवलंस? आटणार हे." अडीच महिन्यांत त्या एकदाही माझ्यावर रागावल्या नव्हत्या. मग मशीनपाशी बसून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवसांचं मला काही आठवायचं नसतं गं. तू दिसलीस की सगळं आठवतं." थोडा वेळ नुसता मशीनचा आवाज. मग म्हणाल्या, "म्हणून येणं सोडलंस का?"

मी काहीच बोलले नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही. काका आतून काठी टेकत आले आणि पडद्याचा रंग उगीच गडद निवडलास म्हणाले.

एका पडद्याची टीप काल झाली. दुसरा धुऊन, वाळवून आण म्हणाल्यात. आता दोरीवर आहे.